कोरा ठेवलेला रकाना

दहावीला शिकवतो मास्तर, पेपर लिहितं पोरगं, पण पोराला परीक्षेला बसवतो तो बाबू. शिक्षकदिनाच्या एकाही भाषणात हे येत नाही, म्हणून इथं मीच सांगून टाकतो. हिंगणघाटच्या एका हायस्कूलमध्ये मी लिपिक होतो आणि दिवाळीच्या आगेमागे बोर्डाचे फॉर्म भरणं हे माझं काम. नाव, आईचं नाव, जन्मतारीख, विषय, माध्यम. शाळेत शिपायाला मामा म्हणत, शिक्षकाला सर म्हणत आणि मला बाबू सर. म्हणजे अर्धा सर. फॉर्म माझ्या हातात असले की तेवढे दिवस मात्र अख्खी शाळा मला पूर्ण सर समजायची.

गिऱ्हाइकं काय एकेक! एक गृहस्थ मुलाची जन्मतारीख चार दिवस पुढं ढकला म्हणून आले, कारण खऱ्या तारखेच्या पत्रिकेत मंगळ निघाला होता. मी म्हटलं, "काका, मंगळ बोर्डाच्या अखत्यारीत येत नाई जी." एका पोट्ट्यानं फॉर्मसाठी फेटा बांधलेला फोटो आणला, चुलतभावाच्या लग्नातला. मागं घोडीचं तोंडही आलं होतं. असल्यांना मी झापायचो. माझं तोंड तिखट आहे, ते घरीही सर्वांना माहीत आहे.

आणि एक माझा डबा. टेबलाच्या सर्वांत खालच्या ड्रॉवरमध्ये असायचा. दीड वाजता तो उघडला की अर्धा तास कोणाचंही काम होणार नाही, मग साहेब येवो की साहेबाचा साहेब. शाळेत ते सर्वांना पाठ होतं. खिडकीशी आलेली पोरं आत डोकावून एकमेकांना सांगायची, "बाबूचा डबा खुलला रे, लय टाइम हाय अजून, चाल खेळू." घंटेपेक्षा माझ्या डब्यावर पोरांचा विश्वास जास्त. हे मी गमतीनं सांगत नाही, पुढं लागणार आहे.

आता मुद्द्याचं. त्या फॉर्मवर एक रकाना असतो: विद्यार्थी दिव्यांग आहे का, असल्यास प्रकार कोणता. तीस वर्षांच्या नोकरीत मी हा रकाना जितक्या वेळा भरला, त्याहून जास्त वेळा मुद्दाम कोरा ठेवला. आणि ठेवताना मला पुण्य केल्यासारखं वाटायचं.

त्याची सुरुवात आंजीकडच्या माझ्या पहिल्या शाळेत झाली. मी नवा होतो. एका मुलीचा डावा पाय बारीक होता. तिचे वडील खिडकीशी आले आणि हात जोडून म्हणाले, "बाबूजी, पोरीच्या पायाचं कागदावर आनू नोका जी. चपलीत कापूस भरून आजपावतो निभावलं तिनं. उद्या सोयरिकीले कागद निंघते." मी रकाना कोरा ठेवला. ते रडले. तेव्हापासून हातालाच सवय लागली. आईबाप काही म्हणोत न म्हणोत, तो रकाना आला की माझा पेन आपोआप पुढं सरकायचा. नंतर कॉम्प्युटर आला, पेनाचा माउस झाला, पण सवय तीच.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी फॉर्मच्या दिवसांत वंदनाताई ऑफिसच्या खिडकीशी आल्या. वडनेरला नवराबायकोचं किराणा दुकान. मुलगी समीक्षा आमच्याकडं दहावीत, रोज एसटीनं येणारी. ताईंनी साडीच्या दुकानाच्या पिशवीतून प्लास्टिकची फाइल काढली.

"बाबू सर, समीक्षाचा कागद भेटला. नागपूरले मेडिकलले पाच चकरा मारल्या तवा भेटला."

कागदावर दोन गोष्टी होत्या: एडीएचडी, आणि त्याच्या जोडीला लिहिण्यातली अध्ययन अक्षमता. दुसरी मी ऐकली होती. पहिली नाही.

"हे कोणती बीमारी म्हणायची ताई?"

"बीमारी नाई जी. डॉक्टर मॅडमनं मले दोन दोनदा समजावून सांगितलं. म्हणे, पोरीचं डोकं कमी नाई. लक्ष एका जागी बसत नाई. बाजूच्या बाकावर पेन पडला तरी ते तिकडं जाते, अन् वापस यायले पंधरा मिंट लागते. तवर पेपर संपते. म्हणे, तिले येगळं बसवा, वेळ जास्त द्या, मंग पाहा."

समीक्षाला मी पाचवीपासून पाहत होतो. खडू न्यायला पाठवली की नकाशा घेऊन जायची आणि नकाशा न्यायला पाठवली की माझ्याशीच गप्पा मारत बसायची. बोलायला पक्की. विज्ञानाच्या सरांना वर्गात असे प्रश्न विचारायची की ते स्टाफरूममध्ये येऊन पुस्तक उघडायचे. आणि तिचाच पेपर पाहावा तर दोन पानं लिहिलेली, तिसऱ्यावर अर्धं वाक्य, पुढं सगळं कोरं. आम्ही सर्वांनी मिळून तिच्यावर एक शिक्का मारून ठेवला होता, चंचल. प्रगतिपुस्तकात पाच वर्षं तोच शब्द, अक्षर माझं.

बाहेरच्या माणसाला ठाऊक नसतं म्हणून सांगतो, अशा मुलांना बोर्ड सवलत देतं. तासाला वीस मिनिटं जादा, वेगळी बैठक, लागल्यास लेखनिक. पण ती आपोआप मिळत नाही. फॉर्ममधला रकाना भरावा लागतो, मुख्याध्यापकांच्या पत्रासह प्रस्ताव मुदतीत विभागीय मंडळाला पाठवावा लागतो. म्हणजे सगळं येऊन बाबूच्या टेबलावर थांबतं. मी फाइल ठेवून घेतली. ताई जाताना म्हणाल्या, "पोरगी पास झाली पाह्यजे, एवढंच हाय. नापास झाली तर हे पुन्हा पुस्तक हाती धरत नाई, मले ठाऊक हाय."

तिसऱ्या दिवशी तिचे वडील आले, विनोदभाऊ. गाडी बाहेर सुरूच ठेवून आत आले. बसले, उठले, माझा स्टेपलर उघडून पाहिला, भिंतीवरच्या घड्याळाचा सेल कमजोर आहे म्हणून सांगितलं, आणि मग दार लोटून हळूच म्हणाले, "बाबू सर, थो रकाना कोराच राहू द्या. बायकोले समजत नाई. पोरगी पागल हाय असं सरकारी कागदावर लिहून ठेवाचं का? दोन-चार वर्षांनी सोयरीक पाहा लागन."

आंजीचा तो बाप डोळ्यापुढं आला. मी म्हटलं, "काळजी करू नका." ते गेले, टोपी विसरली म्हणून परत आले, मग पिशवी विसरली म्हणून परत आले. गाडी तोवर बंद पडली होती.

रकाना मी कोरा ठेवला. फाइल खालच्या ड्रॉवरमध्ये डब्याच्या बाजूला गेली. आठ दिवसांनी वंदनाताईंचा फोन आला, "झालं का जी आपलं काम?"

"झालं ताई," मी म्हणालो.

आयुष्यात फार खोटं बोललो नाही असं मी लोकांना सांगतो. पण हे एक बोललो, आणि तेही अगदी सहज, डबा खाता खाता.

जानेवारीत शाळेची पूर्वपरीक्षा झाली. समीक्षा चार विषयांत नापास. त्याच आठवड्यात बोर्डाची प्रिलिस्ट आली. प्रिलिस्ट म्हणजे फॉर्ममधली माहिती छापलेली यादी. प्रत्येक मुलानं आपली ओळ तपासून सही करायची. मुलं सही करतात, वाचत कोणीच नाही. स्वतःचं नाव दिसलं की बस्स. समीक्षा आली, सहीसाठी वाकली आणि थांबली.

"बाबू सर, इथं माहा रकाना खाली हाय."

नकाशा आणि खडू यांतला फरक विसरणारी पोरगी, तीन पानांच्या यादीतला एवढासा कोरा चौकोन तिला दिसला! मी म्हटलं, "दिसला तुले? बाकी कुठं लक्ष राह्यत नाई तं."

"मी हेच पाहून राह्यलो होतो ना सर," ती म्हणाली. आमच्याकडं पोरीही "होतो"च म्हणतात. "काऊन भरला नाई?"

मी मोठ्या शहाणपणानं समजावलं. बेटा, तुझ्या चांगल्यासाठीच. कागदावर एकदा आलं की आलं, लोक काय म्हणतील, बाबांनाही तसंच वाटतं. ती ऐकत होती आणि यादीचा कोपरा दुमडत होती, उलगडत होती.

"लोकं तं आताच म्हणते सर. चंचल म्हणते, ढ म्हणते, बिनडोक म्हणते. मलेबी तसंच वाटे. थ्या डॉक्टर मॅडमनंच पह्यल्यांदा म्हटलं का असं नाई हाय म्हणून. कागदावर लिहून देलं." मग तिनं कोपरा सोडला. "थो रकाना भरून द्या ना सर. मंग मले खरं वाटन."

सही न करता ती गेली. त्या दिवशी दीड वाजला, दोन वाजले, मी डबा उघडला नाही. मला आंजीची ती मुलगी आठवत होती. परीक्षेत तिचा नंबर दुसऱ्या मजल्यावर आला होता. रकाना भरला असता तर तळमजला मागता आला असता. ती रोज ते जिने कशी चढली असेल? मी तेव्हा विचारलं नव्हतं. बाप रडला एवढंच पाहिलं आणि खूश झालो. लाज वाटली मला. या वयात, टेबलाशी बसल्या बसल्या, चांगलीच लाज वाटली.

मुख्याध्यापिकाबाईंकडं गेलो आणि सगळं सांगितलं. त्या माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, पण त्या दिवशी त्यांनी मला असं झाडलं की शिपाईमामा पाणी घेऊन आला तसाच परत गेला. प्रिलिस्टमध्ये दुरुस्ती होणार होती, पण सवलतीच्या प्रस्तावाची मुदत उलटून गेली होती. "आता नागपूरला स्वतः जायचं," त्या म्हणाल्या, "आणि दोन्ही पालकांच्या सह्या घेऊन. उद्या वडिलांनी तक्रार केली तर?"

पत्राचा मसुदा मी केला. अशा पत्रात एक ठरलेला शब्द असतो: अनवधानाने. लिपिकाच्या अनवधानाने सदर माहिती भरावयाची राहून गेली. तीस वर्षांत मी तो कितीदा लिहिला असेन. या खेपेला लिहिला आणि खोडला. अनवधान त्या पोरीचं होतं, माझं तर पूर्ण लक्ष होतं. मी लिहिलं, "लिपिकाने रकाना हेतुपुरस्सर कोरा ठेवला, विद्यार्थिनीची चूक नाही." बाईंनी वाचलं, माझ्याकडं पाहिलं. "निवृत्तीला चार महिने राहिले तुमचे. नोटीस येऊ शकते." मी म्हटलं, येऊ द्या.

नागपूरपेक्षा वडनेरचं दुकान मला अवघड गेलं. वंदनाताई काउंटरवर, विनोदभाऊ आत शेंगदाण्याचं पोतं सोडत होते. मी उभ्या उभ्या सांगून टाकलं. ताईंनी पुड्यात भरायला घेतलेली साखर तशीच ठेवली.

"तुमी तं 'झालं' म्हटलं होतं बाबू सर."

एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मग त्या नवऱ्याकडं वळल्या आणि त्यांना मात्र धो धो बोलल्या. मी संमतीपत्र पुढं केलं, सोबत प्रमाणपत्राची आणि डॉक्टरांच्या अहवालाची प्रत. "भाऊ, सही नाही केली तरी चालेल, पण आधी हे एकदा वाचा. आजवर तुम्ही वाचलंच नाही, आणि मीही नाही."

ते साखरेच्या पोत्यावर बसून वाचू लागले. अहवाल मराठीत होता: हातातलं काम अर्धवट सोडून दुसरं सुरू करते, वस्तू वारंवार हरवते, एका जागी बसवत नाही, बोलणाऱ्याचं वाक्य पूर्ण होण्याआधी उत्तर देते. एका गिऱ्हाइकानं अर्धा किलो रवा मागितला, विनोदभाऊंना ऐकूच गेलं नाही. मागं शेंगदाण्याचं पोतं अर्धं सुटलेलं, तराजूत कोणाचीतरी डाळ, मिठाचा पुडा फाडून ठेवलेला. ही सगळी कामं त्यांनीच सुरू केलेली.

"वंदे," ते म्हणाले, "हे तं माह्यावर लिहिलं हाय वं."

"मंग!" ताई म्हणाल्या. "मी काय म्हणत हाय सतरा वर्षांपासून?"

"मी दहावी दोनदा नापास झालतो बाबू सर. माह्या बापानं मले पट्ट्यानं हाणलं. म्हणे मस्ती चढली. मले तवाबी समजे नाई का माहा पेपर कुठं जाते." त्यांनी बसल्या जागी सही केली, मग पेन कुठं ठेवला ते दहा मिनिटं शोधत राहिले. तो कानावर होता.

नागपूरला बोर्डाच्या ऑफिसात एक अधिकारी बाई होत्या. माझं पत्र वाचून त्यांनी चष्मा काढला. "हेतुपुरस्सर? असं लिहिलेलं पत्र मी पहिल्यांदा पाहते."

"मीही पहिल्यांदाच लिहिलं मॅडम."

"मुदत संपल्यावर?"

"हो. मुलगी मुदतीत आली होती, मी नाही आलो. शिक्षा मला करा."

त्यांनी मूळ प्रमाणपत्र मागितलं, प्रत्येक पानावर मुख्याध्यापकांची सही नाही म्हणून मला परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो, शिक्का पुसट आहे म्हणाल्या. तिसऱ्यांदा गेलो. मी स्वतः तीस वर्षं लोकांना खिडकीवरून असंच परत पाठवलं होतं, त्यामुळं तोंड उघडायची सोय नव्हती. तिसऱ्या खेपेला कागद ठेवून घेतले, एवढंच. परवानगी मिळेल असं कोणी म्हणालं नाही.

ती आली परीक्षेच्या दोन दिवस आधी, ईमेलवर. जादा वेळ मंजूर, स्वतंत्र बैठक मंजूर. मी कागद छापला, दोनदा वाचला, आणि छातीवरून शेंगदाण्याचं अख्खं पोतं उतरल्यासारखं झालं. वडनेरला फोन लावला. "ताई, झालं" असं म्हणायला तोंड उघडलं आणि मागचं खोटं 'झालं' आठवलं. शेवटी पत्र जावक क्रमांकापासून सहीपर्यंत वाचून दाखवलं.

पलीकडून वंदनाताई म्हणाल्या, "बरं हाय. पण 'झालं' आता म्हणू नोका. निकाल लागू द्या, मंग म्हणजा."

पहिला पेपर मराठीचा, केंद्र आमचीच शाळा. समीक्षाची बैठक वाचनालयात, एकटीची, खिडकीला पाठ करून. आत बाहेरच्या शाळेच्या पर्यवेक्षक बाई. मी दारापासून दहा हात दूर व्हरांड्यात स्टूल टाकून बसलो, कोणी तिथं दंगा करू नये म्हणून. मला तिच्याशी बोलायला बंदी आणि ती योग्यच. तिसरा तास संपेपर्यंत सगळं ठीक होतं. मग बाकीच्यांची शेवटची घंटा झाली.

घंटा झाल्याबरोबर शाळाभर एकच कल्ला. बाकं सरकली, जिन्यावर धडधड सुरू झाली, पोरं पेपरावर ओरडत खाली निघाली. आणि समीक्षा उठली. पर्यवेक्षक बाई म्हणाल्या, "अगं, तुला अजून तास आहे." ती ऐकेना. उत्तरपत्रिका छातीशी धरून दारापर्यंत आली. "सगळे चालले मॅडम, मी देऊन टाकतो." चेहरा रडवेला. तो जास्तीचा तास मिळवायला आम्ही काय काय केलं, आणि पोरगी तो दारातच टाकून निघाली होती. बाई सक्ती तरी किती करणार? मी बोलू शकत नव्हतो. हातानं खूण करावी तर कॉपी पुरवतो म्हणून माझ्यावरच बालंट.

तिनं माझ्याकडं पाहिलं. मी स्टुलाखालून डबा काढला. शांतपणे मांडीवर ठेवला, झाकण उघडलं, पोळी मोडली.

ती पाहतच राहिली. मग तिच्या ओठाचा एक कोपरा वर गेला. बाबूचा डबा उघडला, म्हणजे लय टाइम आहे. ती वळली, जागेवर जाऊन बसली आणि लिहायला लागली. परीक्षेच्या नियमावलीत बाबूनं डबा कधी खावा यावर एक ओळ नाही. नंतर मी तपासून पाहिली.

मी तासभर पुरवून तो डबा खाल्ला. वांग्याची भाजी, गारढोण. दोन पोळ्यांचे मी किती घास केले असतील देव जाणे. प्रत्येक पेपराला मग तसंच, घंटा झाली की आत एक मान वर व्हायची, बाहेर झाकण निघायचं. बायको विचारायची, हल्ली डबा इतका उशिरा का खाता? मी म्हणायचो, सरकारी काम आहे.

नोटीस आली नाही. आली असती तरी आता काय! निकाल लागेपर्यंत मी निवृत्त झालो होतो, पण त्या दिवशी सकाळपासून शाळेत जाऊन बसलो. माझ्या खुर्चीवर नवा मुलगा होता, त्यानं कॉम्प्युटरवर निकाल काढून दिला. समीक्षा सगळ्या विषयांत पास. गणितात काठावर, विज्ञानात इतके चांगले की मी आकडा बोट ठेवून वाचला.

दुपारी तिघंही आली. विनोदभाऊ दारातूनच ओरडले, "बाबू सर, पेढे!" मग हातांकडं पाहिलं. पेढे एसटीत राहिले होते. आम्ही सगळे इतके हसलो की नव्या बाबूला वाटलं, काय झालं यांना. समीक्षा म्हणाली, "बाबाचाबी नंबर लावला हाय सर डॉक्टर मॅडमकडं." भाऊ लाजून घड्याळाकडं पाहू लागले. त्यात मी कधीचाच नवा सेल टाकला होता.

निघताना समीक्षा माझ्या जुन्या टेबलापाशी गेली आणि खालचा ड्रॉवर उघडून पाहिला. रिकामा होता. "डबा कुठं सर?"

"आता मी घरीच जेवतो बेटा."

वंदनाताई खिडकीशी उभ्या होत्या, पहिल्या दिवशी उभ्या होत्या तिथंच. साडीच्या दुकानाची तीच पिशवी हातात. सगळे बाहेर पडल्यावरही त्या हलल्या नाहीत.

"बाबू सर, आता म्हणा."

"काय म्हणू ताई?"

"निकाल लागला ना जी." मग माझ्या लक्षात आलं. मी म्हटलं,

"झालं ताई. झालं तुमचं काम."